हूडची लांबी : एक हिशेब

शर्यतीच्या सायकलचे हँडल पुढे जाऊन खाली वळलेले असते. त्यावरील ब्रेक-लिव्हरच्या रबराने मढवलेल्या बुडख्यास 'हूड' म्हणतात. स्वाराचे तळवे बहुतेक वेळ तेथेच टेकलेले असतात. पूर्वी गिअरचे खटके बहुधा सांगाड्याच्या तिरप्या नळीवर असत व हूड लहान असे. १९९० मध्ये शिमानोने व १९९२ मध्ये कॅम्पान्योलोने ब्रेक-गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. यंत्रणा आत शिरली, तसा हूड वाढला.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला यात सरळ बेरीज दिसते. सांगाड्याची लांबी, हँडल धरणारा स्टेम, हँडलची पुढची झेप आणि हूडची लांबी, या चार रकमा मिळून सीटपासून हातापर्यंतचे अंतर ठरते. पहिली रक्कम सारे विचारतात, शेवटची क्वचितच. समजा, नवा हूड १० मिलिमीटरने लांब आहे. मग १०० ऐवजी ९० मिलिमीटरचा स्टेम लावला की जमाखर्च जुळतो. एरवी कोपरे ताठतात, भार तळव्यांवर येतो व बोटे बधिर होतात.

आकारही पाहावा. टोक उंच असल्यास हात पुढे घसरत नाही. पण हूड फार वर फिरवल्यास मनगट मुडपते. बोटे आखूड असतील तर अनेक लिव्हरांत स्क्रू फिरवून दांडा जवळ आणता येतो. त्याने हूडची लांबी मात्र घटत नाही.

तात्पर्य, सांगाडा लहान-मोठा ठरवून खर्चात पडण्यापूर्वी विद्यार्थिमित्रांनी सीटच्या टोकापासून हूडच्या खोलगट भागापर्यंत फीत लावून पाहावी. सांगाड्यापेक्षा स्टेम पुष्कळ स्वस्त पडतो.