विश्वासाची ठेव : आपोआप चालणारी गाडी आणि सहप्रवासी



कोणी विश्वासाने आपल्या घरी काही ठेवून गेले, तर आपण ते स्वतःच्या वस्तूपेक्षा अधिक जपतो. स्वतःचे शंभर रुपये हरवले तर हळहळून गप्प बसतो. दुसऱ्याचे हरवले तर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. ठेवीच्या बाबतीतला हा साधा विवेक आपल्या गाडीत बसलेल्या माणसांच्या बाबतीतही लावून पाहावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

प्रसंग

समजा, आपण पहाटे बेळगावहून पुण्याला निघाला आहात. शेजारी पत्नी, मागे वृद्ध आई आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली मुलगी. गाडी नवी आहे. निपाणी मागे पडल्यावर आपण स्टिअरिंगवरचे एक बटण दाबता. गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखून आपला वेग आपणच कमी-जास्त करू लागते आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या मधोमध स्वतः वळते. आपण दोन्ही हात वर करून म्हणता, "बघा, गाडी आपोआप चालते!" पत्नी हसते, पण तिने दारावरची मूठ घट्ट धरलेली असते. आई काही बोलत नाही. मुलगी झोपेतच असते.

अपघात झाला नाही. सर्व जण सुखरूप पुण्याला पोहोचले. तरीही या प्रसंगात काही चुकले काय? उत्तर देण्याची घाई करू नये. आधी शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ.

शब्दार्थ

'आपोआप चालणारी गाडी' हा एकच शब्द आपण अनेक भिन्न गोष्टींना लावतो आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. वाहन-अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेने २०१४ साली शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरवून दिल्या. शून्य म्हणजे सर्व काही माणसाच्या हाती; पाच म्हणजे कोठेही, कसल्याही रस्त्यावर माणसाची गरज नाही. पाचवी पायरी अद्याप कोणी गाठलेली नाही.

आपल्याकडे 'एडास' या नावाने ज्या सोयी मिळतात, त्या बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीच्या आहेत. २०२१ पासून मध्यम किमतीच्या भारतीय गाड्यांतही दुसऱ्या पायरीच्या सोयी आल्या. या पायरीवर यंत्र वेग आणि दिशा दोन्ही सांभाळते. मात्र समोर काय चालले आहे हे पाहण्याची जबाबदारी प्रत्येक क्षणी चालकाचीच असते. म्हणजे येथे यंत्र मदतनीस आहे, चालक नव्हे.

चौथ्या पायरीचे उदाहरण म्हणजे वेमो कंपनीची टॅक्सी. अमेरिकेतील फिनिक्स भागात ऑक्टोबर २०२० पासून ती चालकाविना सर्वसामान्यांसाठी खुली झाली. त्या टॅक्सीत बसणाऱ्याला पुढचे आसन रिकामे आहे हे दिसते. बसायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. आपल्या प्रसंगातील आईने असे काही ठरवले होते काय? ती मुलाच्या गाडीत बसली होती, यंत्राच्या गाडीत नव्हे. हा भेद लक्षात ठेवावा.

दोन दाखले

पहिला दाखला कॅलिफोर्नियातील गार्डेना शहराचा. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेस्ला कंपनीची एक गाडी महामार्ग संपवून शहराच्या रस्त्यावर आली. तिची 'ऑटोपायलट' ही दुसऱ्या पायरीची सोय चालू होती. वेग ताशी सुमारे ११९ किलोमीटर होता. लाल दिवा ओलांडून ती दुसऱ्या गाडीवर आदळली. त्या दुसऱ्या गाडीतील दोघे जण मृत्युमुखी पडले. टेस्लाचा चालक आणि त्याच्यासोबत असलेली स्त्री या दोघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. पुढे खटला उभा राहिला तो चालकावर. गाडी यंत्र चालवत होते, म्हणून तो सुटला नाही.

दुसरा दाखला फ्लोरिडातील की लार्गोचा. २५ एप्रिल २०१९ रोजी अशाच सोयीवर गाडी चालू असताना चालकाच्या हातून फोन खाली पडला आणि तो उचलण्यासाठी तो वाकला. समोर रस्ता संपून आडवा फाटा आला होता. गाडी थेट कडेला उभ्या असलेल्या वाहनावर गेली. तेथे उभी असलेली एक तरुणी मरण पावली आणि तिचा सोबती गंभीर जखमी झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या न्यायालयातील ज्यूरीने दोषाची वाटणी केली : चालक ६७ टक्के, कंपनी ३३ टक्के. कंपनीने द्यावयाची रक्कम सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर ठरली. कंपनीने हा निकाल मान्य न करता पुढे दाद मागण्याचे जाहीर केले.

या वाटणीवर क्षणभर थांबावे. मदतनिसाला 'ऑटोपायलट' असे भारदस्त नाव देऊन माणसाला गाफील करणाऱ्याचा वाटा आहेच आणि तो लहान नाही. पण त्यामुळे चालकाचा वाटा शून्य होत नाही. दुसऱ्याचा दोष सिद्ध झाला म्हणजे आपण निर्दोष ठरलो, असे होत नसते.

विवेचन

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. डोळे फोनकडे वळवून परत समोर आणायला दोन-तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात ६०-८० मीटर रस्ता मागे पडतो. यंत्राला पट्टी दिसेनाशी झाली, आडवे गुरू आले, उलट्या दिशेने दुचाकी आली, तर सूत्रे परत हाती घ्यायला चालकाजवळ एवढाच अवधी असतो. थांबलेली वाहने नेहमीच ओळखता येतील असे नाही, असा इशारा अशा अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तकांतच दिलेला असतो. आपल्याकडे बिघडलेला ट्रक मागे दगड लावून रस्त्यातच उभा असतो, हे वेगळे सांगायला नको.

यातली खरी अडचण यंत्राच्या दोषात नसून त्याच्या गुणात आहे. यंत्र दहापैकी दहा वेळा चुकले असते, तर त्याच्यावर कोणी विसंबलेच नसते. ते शंभर वेळा बरोबर वागते, म्हणून एकशेएकाव्या वेळी आपले लक्ष नसते. स्वतः काम करताना मन जागे राहते. दुसऱ्याच्या कामावर नुसती नजर ठेवताना ते पेंगते. म्हणून ही सोय वापरणाऱ्याचे काम हलके होत नाही, उलट वेगळ्या तऱ्हेने अवघड होते. गाडी हाकणे हेही कायकच आहे; त्यात हाताला विश्रांती मिळेल, पण चित्ताला मिळणार नाही.

आता सहप्रवाशाचा विचार करू. एकटा माणूस गाडीत असताना धोका पत्करतो, तेव्हा तो निदान स्वतःचा जीव तरी आपणहून पणाला लावतो. रस्त्यावरच्या इतरांचा प्रश्न तेव्हाही उरतोच. पण सोबत कोणी असेल, तर त्याचा जीव त्याला न विचारता पणाला लागतो. झोपलेली मुलगी विचारू शकत नाही. वृद्ध आईला त्या बटणाचा अर्थ ठाऊक नाही. पत्नीला भीती वाटते, पण पाहुण्यांसमोर नवऱ्याला टोकणे तिला बरे वाटत नाही. गाडी मालकाची आणि बसलेला नोकर, गाडी साहेबांची आणि बसलेला कारकून, अशा वेळी तर ओठांवर आलेला शब्द परत गिळला जातो. म्हणून सहप्रवासी गप्प आहे म्हणजे त्याची संमती आहे, असे समजू नये.

शंका-समाधान

*शंका :* माणूस थकतो, चिडतो, डुलकी घेतो. यंत्र थकत नाही. मग यंत्राचा आधार घेणे हेच सोबत्यांच्या हिताचे नाही काय?

*समाधान :* शंका योग्य आहे आणि तिच्यात सत्याचा अंश आहे. समोर टक्कर होणार असे दिसताच आपोआप ब्रेक लावणारी सोय खरोखर जीव वाचवते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासात, पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात या सोयीमुळे सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. ही सोय चालकाच्या जागी बसत नाही. तो चुकला तर मागून हात देते. ती बंद करून ठेवणेच उलट चुकीचे. पण वेग आणि दिशा दोन्ही सांभाळणाऱ्या सोयींमुळे अपघात कमी होतात, असा भक्कम पुरावा मिळाला नसल्याचे त्याच संस्थेने २०२४ साली सांगितले. तेव्हा दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. आणि थकलेल्या चालकाला खरा उपाय एकच : गाडी बाजूला घेऊन विश्रांती घेणे.

*शंका :* गाडीच हात ठेवायची आठवण करून देते ना?

*समाधान :* देते. पण स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून तिला फसवणारेही आहेत. तेथे फसवणूक यंत्राची होत नाही. मागे बसलेल्यांची होते.

आचरण

१. सोबत कोणी असेल तर ही सोय चालू करण्यापूर्वी सांगावे : ती काय करते, काय करू शकत नाही. कोणी "नको" म्हटले, तर कारण न विचारता, चेष्टा न करता बंद ठेवावी.

२. हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर ठेवावेत. एरवी आपण जेवढे सावध असतो, त्याहून रेसभरही कमी सावध राहू नये.

३. घाटात, जोरदार पावसात, गावातून जाताना, पट्ट्या पुसलेल्या किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावर ती बंद करावी.

४. लोकांना दाखवण्यासाठी ती कधीही वापरू नये. हात सोडून बसलेल्या चालकांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांत मागच्या आसनावरचे चेहरेही पाहावेत.

५. आपण सहप्रवासी असाल तर संकोच सोडून बोलावे. "जरा हात ठेवा ना," एवढे म्हणण्याने कोणाचा मान जात नाही. न बोलण्याने मात्र कोणाचा जीव जाऊ शकतो.

तात्पर्य

आरंभीच्या प्रसंगात काही चुकले काय, याचे उत्तर आता आपणच द्यावे. गाडी पोहोचली, म्हणून वागणे बरोबर ठरत नाही. दुसऱ्याची ठेव जुगारात लावून जिंकलेली रक्कम परत आणून ठेवली, तरी जुगार तो जुगारच. आईने आपल्या गाडीत पाऊल ठेवले, तेव्हा तिने आपल्या डोळ्यांवर आणि हातांवर विश्वास ठेवला होता. तो विश्वास तिला न विचारता यंत्राच्या स्वाधीन करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गाडीतील सोय कोणत्या पायरीची आहे? माहितीपुस्तकातील तिच्या मर्यादा आपण वाचल्या आहेत काय?

२. गेल्या प्रवासात सोबत्यांपैकी कोणी घाबरले होते काय? आपण त्यांना विचारले होते काय?

३. यंत्राशिवाय आणखी कोणकोणत्या बाबतीत आपण दुसऱ्याचे मौन ही त्याची संमती समजतो?