जुळलेलं अक्षर जुळलेलंच ठेव

पोरी, सोमवारपासून तू कोरियन मजकुरावर काम करणार. त्या कामात माझे केस पांढरे झाले, म्हणून चार गोष्टींची खूणगाठ बांधून जा.

आधी अक्षराची घडण समजून घे. राजा सेजोंगने १४४६ साली प्रजेला दिलेल्या हंगुल लिपीत सुट्या अक्षरांना जामो म्हणतात. ती सुटी लिहीत नाहीत, एकेका चौकोनात बसवतात. 'हान' या चौकोनात तीन जामो: ह, आ, न. आरंभीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची व्यंजनं २७. शेवटी काहीच नसणं हा अठ्ठाविसावा पर्याय. गुणाकार कर, ११,१७२ चौकोन होतात. आजची कोरियन लिहायला एवढे पुरतात.

पाठ करू नकोस, हिशेब शीक. युनिकोडमध्ये हे चौकोन ४४०३२ पासून ५५२०३ पर्यंत ओळीनं बसलेत. मोजणी शून्यापासून. पहिल्या व्यंजनाचा क्रमांक २१ नं गुण, त्यात स्वराचा मिळव, आलेल्या संख्येला २८ नं गुण, शेवटच्या व्यंजनाचा मिळव आणि वर ४४०३२ घाल. 'हान'चे क्रमांक १८, ०, ४, उत्तर ५४६२०. एकदा कागदावर स्वतः करून बघ, कायमचं लक्षात राहील.

जुनी फाइल आली की उघडण्याआधी तिचं एन्कोडिंग विचार. १९८७ च्या कोरियन मानकात फक्त २,३५० चौकोन होते. 'टॉम याम' या थाई सुपाचं नाव कोरियनमध्ये ज्या चौकोनानं सुरू होतं, तोही त्यात नव्हता. पुढे विंडोजच्या ९४९ क्रमांकाच्या कोडपेजनं उरलेले ८,८२२ घातले. युनिकोडनंही सुरुवातीला हंगुलला दिलेली जागा १९९६ च्या २.० आवृत्तीत बदलली आणि आधीच्या क्रमांकांनी साठवलेला मजकूर चुकीचा ठरला. तेव्हापासून नियमच झाला: एकदा दिलेली जागा हलवायची नाही.

आता सगळ्यात मोलाचं. 'हान' दोन तऱ्हांनी साठवता येतो: जुळलेला एकच कोड, नाहीतर तीन जामोंचे तीन कोड. पडद्यावर दोन्ही सहसा हुबेहूब सारखे. पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ९. एकदा माझ्याकडे फायलींचा गठ्ठा आला. नावं बघते तर प्रत्येक चौकोन फुटून जामो तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे पसरलेले. सोबतच्या यादीतलं नाव त्यांत शोधलं तर सापडेना, आणि मी तासभर टायपिंगची चूक शोधत बसले. चूक टायपिंगची नव्हतीच. यादी जुळलेल्या रूपात होती, फायलींची नावं सुट्या. म्हणून मजकूर हाती आला की आधी एनएफसी, म्हणजे जुळलेल्या, रूपात आण. मगच शोध, तुलना, क्रमवारी. आणि मजकूर कापायचा तर बाइट मोजून कधीच कापू नकोस, चौकोन मध्येच चिरला जातो.

हे कोरियनपुरतंच आहे असं समजू नकोस. आपल्या 'दऱ्या'मधला ऱ घे. तो एका कोडचाही असतो आणि र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन कोडांचाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधयंत्राला दिसतो. कोरियन फायली निस्तरून झाल्या की घरी येऊन आपल्या मराठी फायलींतले ऱ तपास. मी बसते तुझ्याबरोबर.