पेटी माळ्यावरून खाली काढा

गेल्या महिन्यात चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. सलग तिसऱ्या वेळी रक्तदाब वाढलेला, झोप नाही, डोके जड. गोळी लिहिताना सहज विचारले, "लग्नाआधी काय करायचात?"

"गायचे. गांधर्वची मध्यमा झालीय. पेटी माळ्यावर आहे, पण डॉक्टर, वेळ कुठाय?"

मी काय बोलणार? माझा तबलाही पंधरा वर्षे कपाटावरच होता.

वाचकहो, एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. गाण्याची ओळ पुरी करायची तर तो झटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो. त्यामुळे श्वासांची संख्या घटते, नाडी निवते. नुसते ऐकण्यात मन रमते, पण हा व्यायाम होत नाही.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत. आई सांगायची, आठवडाभर घरात तेच गुणगुणले जाई. हेच प्रमाण घ्या, आठवड्याला एक गाणे. रात्री जेवणानंतर टीव्ही, मोबाइल बंद करून दहा मिनिटे सर्वांनी म्हणावे. मूल बेसूर गायले तर हसू नये. तिथेच पुष्कळांचे गाणे संपते. मात्र रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर घसा दाखवून घ्या.

त्या बाई परवा पुन्हा आल्या. गोळी चालू आहे. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता, दुरुस्तीला टाकलीय म्हणाल्या. तोवर लेकीच्या मोबाइलवर तानपुरा लावून दोघी बसतात.