पनीर : नासलेलं दूध की पौष्टिक आहार?

मागच्या आठवड्यात आपण वर्गात एक लिटर म्हशीचं दूध उकळलं आणि गॅस बंद करून त्यात लिंबू पिळलं. दूध फाटलं तसा मागून आवाज आला, "मॅडम, हे तं नासलं! फेकून द्या आता." आपल्या बार्शीटाकळीच्या उन्हाळ्यात दूध नासणं काही नवीन नाही, म्हणून शंका योग्यच होती.

उन्हानं नासलेल्या दुधात जिवाणू वाढतात आणि तेच आम्ल तयार करतात. ते कोणते जिवाणू, हे डोळ्यांना दिसत नाही. पनीरसाठी मात्र दूध ताजं आणि उकळलेलं असतं, आम्ल आपण लिंबाचं घालतो. त्यामुळे केसीन हे प्रथिन गोळा होतं, स्निग्धांश त्यातच अडकतो. कापडात बांधून वर वजन ठेवलं, तर साधारण 200 ग्रॅम पनीर निघालं.

100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18 ग्रॅम प्रथिनं असतात. पहिली ते पाचवीच्या मुलांना शालेय पोषण आहारातून रोज 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे, त्यावरून अंदाज घ्या. हाडं-दातांसाठी कॅल्शियमही भरपूर. शिवाय आपल्या ज्वारीच्या भाकरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते दुधाच्या पदार्थातून भरून निघतं. पण लोह पनीरमध्ये नावालाच असतं, तंतू नसतातच. म्हणून पालेभाजी सोडायची नाही. आणि पनीर परवडत नाही म्हणून कोणी खंत करू नये. भाकरीसोबत घट्ट वरण किंवा चण्याच्या डाळीचा झुणका खाल्ला तरी लायसिन मिळतं.

उरलेलं पाणी फेकू नका. त्यात दुधातली साखर आणि काही जीवनसत्त्वं उतरतात. आम्ही ते वरणात घातलं.

मग एका मुलानं घरून आणलेलं बाजारातलं पनीर तपासलं. तुकडा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. तुकडा निळा-काळा झाला, म्हणजे त्यात स्टार्च होता. वर्ग एकदम गप्प. "मॅडम, आमच्या घरी पाहुण्यायले हेच वाढलं होतं," तो हळूच म्हणाला. रंग बदलला नाही म्हणजे पनीर शुद्धच, असंही समजू नका. वनस्पती तेलाची भेसळ या प्रयोगात कळत नाही.

टिंक्चर लावलेला तुकडा खायचा नसतो. तो आम्ही शाळेमागच्या खड्ड्यात पुरला.