डबीतल्या पिना आधी बघ

पोरी, बड्स बंद पडले की लगेच "मामा, नवे घेऊ का?" म्हणून विचारू नकोस. तारापूर एमआयडीसीत माझी सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. मीटरने शून्य दाखवलं की मीटर उघडायचा नाही, अशी आमची शिस्त. आधी सप्लाय, मग टर्मिनल, मग वायर, आणि मीटरचा नंबर सगळ्यात शेवटी. दोष बहुतेक वेळा जिथे दोन वस्तू एकमेकींना टेकतात तिथेच सापडतो. तुझ्या कानातल्या त्या बोंडांनाही हाच क्रम लाव.

त्यातून तू राहतेस सातपाटीला आणि कामाला येतेस बोईसरला. म्हणजे घरी खारी हवा, कामावर रसायनांची. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. खिडकीचे गज बघ. बड्सच्या चार्जिंगच्या टिकल्यांवर आणि त्यांना टेकणाऱ्या डबीतल्या पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो आणि हिरवट-काळा थर चढतो. मग डबी भरलेली असते, पण बड कोरडाच राहतो.

याचं सगळ्यात मोठं कारण घाम. स्टेशनपर्यंत धावत आलीस, गाडीत चढलीस, बड्स काढून तसेच ओले डबीत टाकलेस आणि झाकण लावलंस की संपलं. डबीतल्या पिनांवर चार्जिंगची वीज असते. ओलावा, मीठ आणि वीज एकत्र आली की धातू नुसता गंजत नाही, खाल्ला जातो. म्हणून आधी ओढणीला पुसायचे, थोडी हवा लागू द्यायची, मग डबीत. पावसाळ्यात तर नक्कीच.

पिना बघायच्या कशा? फोनचा टॉर्च लाव, कॅमेरा झूम कर आणि डबीच्या खोबणीत डोकाव. पिना बारीक स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. कापसाच्या काडीने हलकेच दाबली की पिन खाली जाऊन परत वर यायला हवी. एखादी खालीच अडकून बसली असेल तर त्या बाजूचा बड चार्ज होत नाही, एवढं साधं असतं ते. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापर. तुमच्या लॅबमध्ये आयपीए म्हणतात तेच. पण कंपनीतून आणू नकोस, बाहेर विकत मिळतं. काडी ओली करायची, निथळू द्यायची नाही. डबी बंद करण्याआधी पूर्ण वाळू द्यायची. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर मागे राहतो. सुई नको. आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको. चकाकी येते खरी, पण उरलासुरला मुलामाही त्याच्याबरोबर जातो.

पिना स्वच्छ आहेत, तरी डबीच चार्ज होत नाही? मग चार्जर बदलून बघ. तुझा नवा चार्जर दोन्हीकडे सी टाइप केबलचा आहे ना? तसा चार्जर समोर कोण आहे याची खात्री पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ती ओळख पटवणारे दोन छोटे रेझिस्टर डबीत असावे लागतात आणि काही स्वस्त डब्यांत ते गाळलेले असतात. घरातला जुना, चौकोनी तोंडाच्या यूएसबीचा चार्जर काढ आणि त्याला साधी केबल लाव. मेलेली डबी पुष्कळदा तिथेच जिवंत होते. डबीच्या सॉकेटमध्ये पर्समधली कापूस-धूळ दबून बसली असेल तर लाकडी टूथपिकने, केबल काढून, हळूच उकर. डबी महिनोन्‌महिने कपाटात रिकामी पडली असेल तर लावल्या लावल्या दिवा लागेलच असं नाही; अर्धा-पाऊण तास तशीच राहू दे.

आता कनेक्शन. पालघरला डहाणूकडची लोकल पकडतेस, फोन बॅगेच्या तळाशी, बॅग पाठीवर, आणि म्हणतेस आवाज तुटतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. माणसाचं शरीर बरंचसं पाणीच आहे. तू स्वतः आणि तुला चिकटून उभ्या चार बायका, एवढी भिंत मध्ये असते. शिवाय डब्यात प्रत्येकीच्या कानात तेच. फोन पुढे छातीशी धर. उमरोळीला गर्दी कमी झाली की आवाज आपोआप सुधारला तर बड्समध्ये काही खोट नाही, हे समजून घे.

घरीसुद्धा जोडत नसतील तर आधी बघ, दुसऱ्या कुणी तर पकडले नाहीत ना. तुझा जुना फोन, भावाचा लॅपटॉप, यांचं ब्लूटूथ चालू असलं की डबी उघडताच बड्स तिकडे जातात. ते बंद कर. एकच कान वाजत असेल तर फोनच्या यादीतून बड्सचं नाव काढून टाक, दोन्ही बड डबीत ठेव, आणि सोबतच्या कागदावर दिलंय तसं रीसेट कर. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, माझ्याकडून पाठ करून घेऊ नकोस. आणि एका कानात आवाज नुसता बारीक येत असेल तर ते कनेक्शन नव्हेच. जाळीत मळ अडकलाय. रबर काढ, जाळी खाली धर आणि कोरड्या मऊ ब्रशने झटक. तरी फरक नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स मधोमध आहे का बघ. चुकून सरकलेला असतो.

प्लांटमध्ये मात्र बड्स न्यायचेच नाहीत. सॉल्व्हंटच्या आवारात फ्लेमप्रूफ नसलेलं काही चालत नाही, आणि सायरन ऐकू यायला कान मोकळे लागतात. रुळांजवळही तेच. बोईसरला न थांबणारी गाडी किती वेगात जाते ते तू बघतेसच.

डबी फुगली, झाकण नीट बसेना, हाताला गरम लागायला लागली, तर चार्जिंग तिथल्या तिथे थांबव. दाबायची नाही, उघडायची नाही, कचऱ्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. आणि वॉरंटीत असेल तर दुकानात कुणाला खोलू देऊ नकोस, एकदा उघडली की वॉरंटी गेली. एकच बड गेला असेल तर कंपनीकडे तेवढाच मिळतो का, आधी विचार. त्याला बिल लागेल. बिलाचा आजच फोटो काढून ठेव, त्या गुळगुळीत कागदावरची छपाई वर्षभरात उडून जाते.