हौदातील ऊब

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील जुने गाव होय. आसपासच्या शिवारात ऊस व ज्वारी ही पिके होतात. ऊस तुटून गेला की फडात पाचट उरते आणि ज्वारी काढल्यावर रानात धसकटे राहतात. कित्येक शेतकरी पाचट पेटवून देतात. घटकाभरात त्याची राख होते. ना जमिनीला खत मिळते, ना चुलीला इंधन. वास्तविक याच टाकाऊ मालापासून स्वयंपाकासाठी वायू आणि शेतासाठी उत्तम खत, अशा दोन्ही गोष्टी मिळू शकतात.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू तयार करून त्यावर दिवे लावले होते. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपीचे गोबरवायू-यंत्र तयार केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा खेडोपाडी प्रसार केला.

या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे जमिनीत बांधलेला हवाबंद हौद. त्यात शेण व पाणी यांचा काला सोडतात. पाचट बारीक कापून आधी शेणकाल्यात कुजवून घातले, तर तेही चालते. कोरडे घातल्यास ते वर तरंगून त्याचा जाड थर बसतो. हौदातील काही सूक्ष्म जीव या मालाचे आम्लांत रूपांतर करतात आणि दुसरे सूक्ष्म जीव त्यांपासून मिथेन हा जळणारा वायू निर्माण करतात. आत हवा शिरली तर हे दुसरे जीव जगत नाहीत.

थंडीच्या दिवसांत दुधाला विरजण लवकर लागत नाही, म्हणून गृहिणी ते भांडे चुलीजवळ ठेवते. हौदातील जीवांचेही तसेच आहे. सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानात त्यांचे काम जोमाने चालते. पारा २० अंशांखाली गेला की ते मंदावते आणि १० अंशांच्या सुमारास जवळजवळ थांबते. म्हणूनच उष्ण प्रदेशात माल हौदात सुमारे ३० दिवस राहिला तरी पुरतो. थंड डोंगराळ मुलखात ५५ दिवस लागतात व तेथे हौदही मोठा बांधावा लागतो.

पौष महिन्यात शेगडीची ज्योत बारीक झाली की घरच्या माणसांस वाटते, यंत्राला माल कमी पडला. मग ती रोजच्यापेक्षा अधिक काला ओततात. येथेच चूक होते. गारठ्याचा त्रास वायू करणाऱ्या जीवांना अधिक होतो. आम्ल करणारे जीव मात्र त्यामानाने टिकून राहतात. जादा मालामुळे हौदात आम्ल साचते, काला आंबतो आणि उरलासुरला वायूही बंद पडतो. ऐन थंडीत घरात पुन्हा लाकडाचा धूर होतो.

यावर उपाय साधे आहेत. थंडीत काला थोडा कमी घालावा. तो पहाटेच्या गार पाण्यात न कालवता उन्हात तापलेल्या पाण्यात दुपारी कालवावा. हौदाभोवती पाचट व शेणखताचा ढीग रचावा. कुजताना त्याला ऊब येते आणि ती हौदास मिळते. रात्री लोखंडी टोपीवर गोणपाट घालावे. तापमानात एकाएकी चढउतार होऊ न देणे, हे या सर्वांचे मर्म होय.

थंडीत बैलाच्या पाठीवर झूल घालण्यास शेतकरी विसरत नाही, कारण बैल कुडकुडताना त्याला दिसतो. हौदातील जीव दिसत नाहीत, कुडकुडतही नाहीत; परंतु तेही त्याच घरासाठी रात्रंदिवस राबत असतात. त्यांची ऊब राखणाऱ्या घरात पौषातल्या पहाटेही शेगडी पेटते, आणि फडातले पाचट जाळावे असे मग कोणास वाटत नाही.