पोवळ्यातला तापमापक

धंतोलीहून इतवारीच्या सराफबाजारात गेलात, तर अंगठीत बसवलेले तांबडे पोवळे पाहायला मिळेल. ते निराळ्या कुळातले. आपल्याला हवा आहे तो उथळ, उबदार समुद्रात प्रवाळभित्ती उभारणारा प्रवाळ. समुद्र पूर्वी किती उबदार होता, हे त्याच्या सांगाड्यावरून काढता येते.

हा चिमुकला प्राणी समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतो. काही जातींत तो वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्याची पातळ चकती कापून क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले, की झाडाच्या खोडासारखे वार्षिक पट्टे दिसतात. पट्टे मोजले की वर्षे कळली. पण तापमान?

ती युक्ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये सुचवली. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानांकाचे असतात. सुमारे पाचशेंत एखादा १८ चा, म्हणजे जड. पाणी जितके थंड, तितका जड ऑक्सिजन सांगाड्यात अधिक. फरक मात्र एका अंशाला हजारात अवघा ०.२ च्या आसपास!

आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील चक्रवर्ती व रमेश यांनी लक्षद्वीपचे प्रवाळ असेच तपासले; १९९३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पावसाळ्यातले वारे अरबी समुद्र घुसळतात, वरचे पाणी गार होते. त्या गारव्याची खूण सांगाड्यात उमटलेली होती.

येथे एक अडचण आहे. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, पावसाने तो परत येतो. हिमयुगात तर तो बर्फात अडकून पडतो. म्हणजे पाण्याचाच ऑक्सिजन बदलतो. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो : स्ट्राँशियम. थंड पाण्यात कॅल्शियमच्या तुलनेत तो सांगाड्यात अधिक शिरतो.

जीवाश्म प्रवाळाचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढतात. पण आधी पाहावे लागते ते खनिज. प्रवाळाचा सांगाडा ॲरॅगोनाइटचा. काळाच्या ओघात त्याचे कॅल्साइट झाले असेल, तर नोंद पुसली गेली असे समजून तो नमुना बाजूला ठेवतात.

बार्बाडोस बेटाजवळच्या जीवाश्म प्रवाळांवरून १९९४ मध्ये असे अनुमान निघाले, की गेल्या हिमयुगात तेथील समुद्र सुमारे ५ अंश सेल्सियसने थंड होता. समुद्रतळावरील सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून आधी काढलेला उष्ण कटिबंधाचा अंदाज २ अंशांच्या आसपास होता. तेव्हा समुद्रातल्या स्ट्राँशियमचे प्रमाणच वेगळे असेल काय, असा प्रश्न मग पुढे आला आणि वाद बरीच वर्षे चालला.